सेफ्ट्रायक्झोनचे इंजेक्शन : वाचकांच्या शंका

पावसाळा सुरू झाला की तापाच्या रुग्णांबरोबर अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांविषयीची पत्रेही वाढतात. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकाच औषधाचे नाव आहे, ते म्हणजे सेफ्ट्रायक्झोन. टायफॉइड, न्यूमोनिया, मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग, जिवाणूंमुळे होणारा मेंदूज्वर अशा अनेक आजारांत हे औषध तालुक्याच्या दवाखान्यापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत रोज वापरले जाते, आणि पांढऱ्या पावडरीची ती छोटी बाटली आता पुष्कळ घरांच्या ओळखीची झाली आहे. म्हणून हे सदर या एका औषधाला दिले आहे. उत्तरांत आलेली मात्रा आणि दिवस हे समजून घेण्यासाठी आहेत. आपल्या रुग्णाची मात्रा त्याला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : माझ्या पतींना (वय ४२) टायफॉइडसाठी रुग्णालयात दाखल केले होते. ब्लड कल्चरमध्ये (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू आले आणि सेफ्ट्रायक्झोन सुरू झाले. चौथ्या दिवसापर्यंत संध्याकाळी ताप १०२ पर्यंत चढत होता. औषध लागू पडत नाही, याहून ‘हेवी’ इंजेक्शन द्यायला सांगा, असा नातेवाइकांचा आग्रह होता. डॉक्टरांनी औषध बदलले नाही आणि सहाव्या दिवशी ताप गेला. पण तेव्हा वाट पाहिली हे बरोबर होते का, ही शंका मनात राहिली आहे. — एक वाचिका, सिन्नर

उत्तर : बरोबर होते, आणि घाई न केल्याबद्दल आपल्या डॉक्टरांचे मी कौतुक करीन, कारण नातेवाइकांच्या दबावाखाली औषध बदलणे हे न बदलण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. टायफॉइडचे जंतू नुसते रक्तात फिरत नाहीत. ते यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथील पेशींच्या आत दडून राहतात. त्यामुळे जंतूवर पूर्ण लागू पडणारे औषध चालू असतानाही ताप उतरायला साधारणपणे चार ते सहा दिवस लागतात. या काळात ताप आहे की नाही एवढेच पाहण्यापेक्षा तो रोज किती चढतो, दोन चढांमध्ये रुग्णाला हुशारी वाटते का, जिभेला चव येऊ लागली का, हे पाहिले तर उतार आधीच कळतो. आपल्या पतींचा तापाचा तक्ता काढून पाहिलात तर पहिल्या दिवसाचा आकडा आणि चौथ्या दिवसाचा आकडा यांत फरक दिसण्याची शक्यता आहे.

वाट पाहायची म्हणजे लक्ष द्यायचे नाही, असा मात्र अर्थ नाही. पोट एकाएकी दुखू लागून कडक होणे, शौचावाटे काळे किंवा लाल रक्त जाणे, रुग्ण असंबद्ध बोलू लागणे किंवा सुस्त पडून राहणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच घटकेला डॉक्टरांना बोलवावे. टायफॉइडमध्ये आतड्याला छिद्र पडण्याचा धोका बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास असतो, म्हणजे ताप उतरून घरचे लोक निर्धास्त झाल्यावरही तो संपलेला नसतो.

आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे इंजेक्शन सुरू होण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त घेतले गेले. ते घेतले म्हणूनच हा जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे कागदावर होते आणि डॉक्टरांना ठाम राहता आले. टायफॉइडसाठी केल्या जाणाऱ्या एकट्या विडाल रक्तचाचणीवर विसंबून दहा-चौदा दिवसांची इंजेक्शने दिली जातात तेव्हा हा आधारच नसतो. ती चाचणी जुन्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापातही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. ‘हेवी’ औषधाबद्दल एवढेच सांगतो : नोव्हेंबर २०१६पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात, हैदराबाद शहरापासून, टायफॉइडची अशी साथ पसरली की तिचे जंतू सेफ्ट्रायक्झोनलाही जुमानत नव्हते, आणि डॉक्टरांच्या हाती मुख्यतः अझिथ्रोमायसिनची गोळी आणि मेरोपेनेमचे महागडे इंजेक्शन एवढेच उरले. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन टायफॉइडसाठी जवळजवळ निकामी झाले आहे, पण सेफ्ट्रायक्झोन अजून बहुतेक रुग्णांत काम करते. ते चौथ्या दिवशी उगाच सोडून मेरोपेनेमकडे जाणे म्हणजे शेवटचे औषध आधीच खर्च करणे होय.

प्रश्न : वडिलांना (वय ७१) मूत्रपिंडाच्या संसर्गासाठी रुग्णालयात चार दिवस इंजेक्शन दिले आणि पुढचे काही दिवस परिचारिका घरी येऊन हातावरच्या सुईतून देत असत. एके दिवशी औषध नेहमीपेक्षा जास्त पिवळे दिसले, एकदा त्याच नळीतून सलाइन चालू असतानाच औषध दिले गेले. पुन्हा अशी वेळ आली तर घरच्यांनी नेमके काय पाहायचे? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आपण विचारलेत ते फार थोडे लोक विचारतात. म्हणून मी क्रमाने, जरा विस्ताराने लिहितो.

आधी बाटलीवरचे नाव अक्षर-अक्षर वाचून चिठ्ठीशी जुळवावे. सेफ्ट्रायक्झोन, सेफोटॅक्झिम आणि सेफोपेराझोन ही तीन वेगवेगळी औषधे आहेत, तिन्ही पांढरट पावडरीच्या रूपात सारख्याच बाटल्यांत येतात, आणि घाईत वाचणाऱ्याला सारखीच दिसतात. त्यातही नुसते सेफ्ट्रायक्झोन आणि त्यात सल्बॅक्टम किंवा टॅझोबॅक्टम मिसळलेले औषध यांत फरक आहे; डॉक्टरांनी एक लिहिले असताना दुकानातून ‘तेच आहे’ म्हणून दुसरे आलेले घेऊ नये. मग मुदतीची तारीख आणि वजन पाहावे, कारण एकाच नावाच्या बाटल्या २५० मिलिग्रॅमपासून २ ग्रॅमपर्यंत मिळतात.

आता पाणी. शिरेतून द्यायचे असेल तर एक ग्रॅम पावडर इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्यात, साधारण दहा मिलिलिटरमध्ये, विरघळवतात. स्नायूत म्हणजे कमरेत द्यायचे असेल तर औषध फार झोंबते, म्हणून तेथे एक टक्का लिग्नोकेनच्या सुमारे साडेतीन मिलिलिटर द्रावणात ते कालवण्याची पद्धत आहे, आणि एका बाजूला एक ग्रॅमहून जास्त देत नाहीत. लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध आहे. त्यात कालवलेले सेफ्ट्रायक्झोन चुकूनही शिरेत जाता कामा नये, कारण त्याने हृदयाची लय बिघडू शकते आणि आकडी येऊ शकते. आपल्या वडिलांच्या हाताला शिरेतील सुई होती, तेव्हा शेजारी ठेवलेली छोटी कुपी निर्जंतुक पाण्याचीच आहे, हे वाचून घेणे हा घरच्यांचा हक्क आहे आणि चांगली परिचारिका त्याने दुखावत नाही.

बाटलीवरचे झाकण काढल्यावर आतले रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू द्यावे लागते. पाणी आत सोडून बाटली हलवली की द्रावण स्वच्छ, आरपार दिसले पाहिजे. रंगाबद्दल काळजी नसावी : फिकट पिवळ्यापासून मधासारख्या रंगापर्यंत कोणतीही छटा चालते, ती द्रावणाच्या दाटपणावर आणि ते किती वेळ ठेवले आहे यावर अवलंबून असते. गढूळपणा, कण किंवा तळाशी बसलेला साका मात्र दिसला तर ती बाटली टाकून द्यावी. औषध कालवल्यावर लगेच वापरावे. सकाळी कालवून उरलेले अर्धे संध्याकाळसाठी फ्रिजमध्ये ठेवण्याची काटकसर घरात करू नये.

एक ग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून सावकाश, घड्याळ लावून दोन ते चार मिनिटांत द्यायचे असते. दोन ग्रॅमची मात्रा असेल तर ती शंभर मिलिलिटरच्या बाटलीतून किमान अर्धा तास थेंब-थेंब देणे अधिक सुरक्षित. सुईच्या जागी लाली, सूज, ठणका किंवा टणक दोरीसारखी झालेली शीर जाणवली तर त्या सुईतून पुढचे औषध देऊ नये, सुई बदलायला सांगावी.

सलाइनविषयीची आपली शंका सर्वांत गंभीर आहे. आपल्याकडे हाताला लावलेल्या कोणत्याही बाटलीला सलाइनच म्हणतात, पण त्यांतील रिंगर लॅक्टेट, म्हणजे रुग्णालयात ‘आरएल’ म्हणतात त्या बाटलीत, कॅल्शियम असते. सेफ्ट्रायक्झोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारे बारीक कण तयार होतात. म्हणून ही दोन्ही एका बाटलीत किंवा एकाच वेळी एका नळीत कधीही जाऊ देऊ नयेत. मोठ्या माणसात एकानंतर दुसरे द्यायचेच असेल तर मधे नळी साध्या नॉर्मल सलाइनने पूर्ण धुवावी लागते. त्या दिवशी बाटली नॉर्मल सलाइनची किंवा डेक्स्ट्रोजची असेल तर काही बिघडले नाही. वडिलांना तेव्हा त्रास झाला नाही, यावरून मात्र पुढच्या वेळी बाटलीवरचे नाव न वाचता राहू नये.

सुई आणि सिरिंज प्रत्येक वेळी नवी, आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली असावी. वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लॅस्टिकच्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकून तो डबा परिचारिकेबरोबर रुग्णालयाकडे परत पाठवावा. घरच्या कचऱ्यात ती गेली तर कचरा वेचणाऱ्या कोणाच्या तरी हातात घुसते.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या हातावर आधी टेस्ट केली, काहीच उठले नाही. तरी दुसऱ्या दिवशी इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठल्या. टेस्ट चुकली होती का? मला स्वतःला लहानपणी पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन आली होती. मग मी हे औषध कधीच घेऊ नये का? — एक वाचिका, परभणी

उत्तर : टेस्ट चुकली असे नाही, तिच्याकडून आपण जी हमी मागतो ती ती देऊ शकत नाही. ज्या माणसाला पूर्वी कधीच त्रास झालेला नाही, त्याच्या त्वचेत औषधाचा थेंब टोचून पुढची रिअ‍ॅक्शन आधी ओळखता येते, असे सेफ्ट्रायक्झोनच्या बाबतीत दिसून आलेले नाही. गांधी उठली नाही म्हणून धोका नाही असे होत नाही, आणि सुईच्या टोचण्याने आलेल्या लालीमुळे पुष्कळ रुग्णांवर ‘अ‍ॅलर्जी’चा शिक्का मात्र बसतो. माझ्या मते टेस्टवर घालवलेली ती वीस मिनिटे रुग्णाला नीट विचारण्यात घालवावीत : पूर्वी कोणत्या औषधाने काय झाले, किती वेळात झाले, श्वास लागला होता का, ओठ-जीभ सुजली होती का, नुसते जुलाब किंवा मळमळ होती का.

इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे, कारण जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते. घशाला आवळल्यासारखे वाटणे, आवाज बसणे, धाप, छातीत घरघर, एकाएकी गरगरून घाम फुटणे, उलटी, आणि त्याबरोबर गांधी, ही तिची चिन्हे. अशा वेळी औषध तत्काळ थांबवून रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत, त्याला उठवून चालवत नेऊ नये, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत, अ‍ॅड्रेनलिन द्यावे. मोठ्या माणसासाठी एकास हजार तीव्रतेच्या अ‍ॅड्रेनलिनचे अर्धे मिलिलिटर, आणि उतार न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीवरचे औषध) आणि स्टिरॉइडची इंजेक्शने नंतर देता येतात, पण आधी तीच देऊन अ‍ॅड्रेनलिनला उशीर केल्याने माणसे दगावतात. म्हणून अ‍ॅड्रेनलिन हाताशी नसेल तेथे, मग तो दवाखाना असो वा घर, अँटिबायोटिकचे पहिले इंजेक्शन घेऊच नये. घरी उपचार चालवायचे असतील तर पहिली मात्रा रुग्णालयातच व्हावी.

आपल्या बहिणीने हे औषध पुन्हा घेऊ नये आणि त्याचे नाव, तारीख, काय झाले ते एका कागदावर लिहून आधार कार्डाजवळ ठेवावे. आपल्या बाबतीत चित्र वेगळे आहे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्या शंभरांतील दहा जणांना सेफ्ट्रायक्झोनच्या गटातील औषधांचीही होते, असे पूर्वी शिकवले जाई. सेफ्ट्रायक्झोनपुरता हा धोका दोन टक्क्यांहूनही कमी आहे, असे आता मानले जाते. लहानपणी नुसते पुरळ आले असेल तर डॉक्टर ते देऊ शकतात. श्वास कोंडून रुग्णालयात न्यावे लागले असेल, तर दुसरा पर्याय शोधावा किंवा अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन मगच पुढे जावे. आईला किंवा मोठ्या भावंडांना तेव्हा नेमके काय घडले ते अवश्य विचारून ठेवा.

प्रश्न : गोळ्यांनी आठवडा जातो, इंजेक्शनने दोन दिवसांत बरे वाटते, हा आमचा अनुभव आहे. पण नवे डॉक्टर सर्दी-खोकल्याच्या तापाला इंजेक्शन देत नाहीत. मेडिकलमधून बाटली आणून ओळखीच्या माणसाकडून टोचून घेतली तर काय बिघडते? — एक वाचक, चोपडा

उत्तर : बहुतेक सर्दी-खोकला आणि ताप विषाणूंमुळे येतो, आणि विषाणूंवर कोणतेही अँटिबायोटिक, गोळी असो वा इंजेक्शन, काहीही करीत नाही. तो ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप उतरणारच असतो. इंजेक्शन त्याच सुमारास घेतलेले असते म्हणून श्रेय त्याला मिळते. पुष्कळदा त्याबरोबर ताप उतरवणारे किंवा स्टिरॉइडचे औषधही टोचलेले असते आणि हुशारी त्याने वाटते.

सेफ्ट्रायक्झोन इंजेक्शनानेच का देतात, याचे कारण त्याच्या ताकदीत नाही. हे औषध पोटातून घेतले तर आतड्यातून रक्तात शोषलेच जात नाही, म्हणून त्याची गोळी नाही. शरीरात त्याचे प्रमाण अर्ध्यावर यायला सहा ते नऊ तास लागतात, त्यामुळे ते बहुधा दिवसातून एकदा पुरते, आणि एवढ्याच सोयीमुळे ते इतके पसरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकची तीन गटांत विभागणी केली, तेव्हा याला जपून वापरण्याच्या, म्हणजे जंतूंमध्ये प्रतिकार लवकर निर्माण होऊ शकणाऱ्या औषधांच्या मधल्या गटात ठेवले. रुग्णाच्या तोंडावाटे औषध जात असेल, उलट्या नसतील, आजार तीव्र नसेल आणि जंतूवर चालणारी गोळी उपलब्ध असेल, तर गोळी हाच चांगला उपचार आहे. रुग्णालयातही दोन दिवसांनी रुग्ण सावरला की इंजेक्शन थांबवून गोळी सुरू करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

दुकानातून चिठ्ठीशिवाय हे औषध देणे बेकायदा आहे. मार्च २०१४पासून ते औषधांच्या नियमांतील एच-वन या अनुसूचीत, म्हणजे यादीत, आहे. दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, औषध व संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. आणि ओळखीच्या माणसाबद्दल आपण विचारलेत, म्हणून गुजरातेतील मोडासा गावाची आठवण देतो. तेथे २००९ साली वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि साध्या आजारासाठी इंजेक्शन घेतलेली कितीतरी माणसे काविळीने मरण पावली. त्यांनीही ओळखीच्या, भरवशाच्या माणसाकडूनच टोचून घेतले होते. मला आपणाला घाबरवायचे नाही. आपल्या घरातील कोणाच्याही हातात अशी सुई जाऊ नये, एवढीच कळकळ आहे.

प्रश्न : न्यूमोनियासाठी दहा दिवस हे इंजेक्शन झाल्यावर सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, आधीच्या सोनोग्राफीत नव्हते. शस्त्रक्रिया करावी लागेल का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बहुधा नाही. या औषधाचा बराच भाग पित्तातून बाहेर पडतो आणि तेथील कॅल्शियमशी मिळून खड्यांसारखा दिसणारा गाळ तयार होतो. औषध थांबल्यावर तो काही आठवड्यांत आपोआप विरघळतो. ताप, कावीळ किंवा उजव्या बरगडीखाली तीव्र वेदना नसेल तर दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी पुन्हा करावी आणि तोवर शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.

प्रश्न : आमच्या आठ दिवसांच्या बाळाला कावीळ आणि जंतुसंसर्ग होता. डॉक्टरांनी सेफ्ट्रायक्झोन न देता सेफोटॅक्झिम दिले. स्वस्त आणि दिवसातून एकदाचे औषध का टाळले? — एक वाचिका, पणजी

उत्तर : डॉक्टरांनी अगदी योग्य केले. नवजात बाळाच्या रक्तातील कावीळ, म्हणजे बिलिरुबिन, रक्तातील प्रथिनाला चिकटून राहते. सेफ्ट्रायक्झोन तीच जागा घेते, सुटे झालेले बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोहोचू शकते आणि कायमची इजा होऊ शकते. शिवाय २८ दिवसांच्या आतील बाळाला शिरेतून कॅल्शियम द्यावे लागत असेल किंवा लागण्याची शक्यता असेल, तर हे औषध पूर्णपणे वर्ज्य आहे. कॅल्शियमबरोबर तयार झालेले कण फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत साचून नवजात बाळे दगावली आहेत. येथे नळी धुऊन किंवा वेळेचे अंतर ठेवूनही ते चालत नाही.

प्रश्न : आजोबांना हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू आहे. त्यांना सेफ्ट्रायक्झोन आणि अमिकासिन (दुसरे एक अँटिबायोटिक) अशी दोन इंजेक्शने एकदम दिली. आता कोर्स संपून तीन आठवडे झाले, तर जुलाब सुरू झाले आहेत. काही संबंध असेल का? — एक वाचक, उमरेड

उत्तर : असू शकतो. पण जुलाबांआधी वॉरफरिन आणि अमिकासिन यांविषयी सांगतो. सेफ्ट्रायक्झोनमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्त जास्त पातळ होऊ शकते, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी, उपचार चालू असताना आणि नंतरही पुन्हा करावी लागते. ती झाली नसेल तर आजच करून घ्या, आणि हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर काळे-निळे डाग दिसत असतील तर वाट पाहू नका. अमिकासिनचा भार मूत्रपिंडांवर आणि आतल्या कानावर पडतो. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासावे, आणि त्यांना ऐकू कमी येते आहे का, कानात आवाज येतो का, चालताना तोल जातो का, हे विचारावे. वयाने ऐकू कमी येते असे समजून ही तक्रार अनेकदा मागे टाकली जाते.

जुलाबांविषयी सांगायचे तर, अँटिबायोटिकने आतड्यातील उपयुक्त जंतू मेल्यावर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू वाढू शकतो, आणि औषध संपल्यावर दोन महिन्यांपर्यंतही असे घडू शकते. दिवसातून तीन किंवा अधिक पातळ जुलाब, पोटात मुरडा, ताप, शौचात रक्त किंवा शेंब असेल तर शौचाचा नमुना या जंतूसाठी तपासायला द्यावा, आणि डॉक्टरांना तीन आठवड्यांपूर्वी कोणती इंजेक्शने झाली ते डिस्चार्ज कार्ड दाखवून सांगावे. जुलाब थांबवण्याच्या लोपरामाइडसारख्या गोळ्या तपासणी होईपर्यंत देऊ नयेत; मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस थोडे-थोडे पाजत राहावे, आणि आजोबांना हृदयाचा आजार असल्यामुळे दिवसभरात किती पाणी द्यायचे ते त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून विचारून घ्यावे.